जाळी ओळखणारे सुभेदार

हिंदुराव खराड्यांना आमच्या रुग्णालयात कुणी नावानं हाक मारत नसे. मोठ्या डॉक्टरांपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे त्यांना ‘सूबेदारजी’ म्हणत. मूळचे ते खटाव तालुक्यातले. अठराव्या वर्षी सैन्यात भरती झाले, मेडिकल कोअरमध्ये एक्स-रे काढायला शिकले आणि पंचवीस-सव्वीस वर्षं देशभरच्या लष्करी दवाखान्यांत जवानांच्या हाडांचे आणि छातीचे फोटो काढत राहिले. शेवटची नेमणूक जयपूरला होती. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा मुलगी प्रणाली बारावीत होती. तिचं वर्ष बुडू नये म्हणून वर्षभर थांबले. मग ती जयपुरातच कॉलेजात गेली आणि एका वर्षाची चार वर्षं झाली. झालाना डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या घेऊन ते आणि भागुबाई राहत. शहरातल्या एका खाजगी कर्करुग्णालयात सीटी स्कॅनचं नवं मशीन आलं होतं, त्यावर तंत्रज्ञ म्हणून त्यांना नोकरी मिळाली.

मी तिथं २००३च्या जुलैत रेडिओलॉजिस्ट म्हणून रुजू झाले. माझे यजमान अभिजित सैन्यात मेजर, त्यांची बदली जयपूरला झाली म्हणून मी आले. नवं शहर, नवी माणसं. पहिल्या दिवशी मशीनच्या खोलीत गेले तर पांढऱ्या कोटातला एक ताठ माणूस म्हाताऱ्या रुग्णाला टेबलावर घेण्याआधी बाकावर बसवून त्याच्याकडून श्वासाची तालीम करून घेत होता.

“बाबा, बावड़ी में डुबकी मारी है कभी?”

“घणी मारी है।”

“बस, वैसी ही सांस भरो और रुक जाओ. मैं बोलूं तब छोड़ना.”

म्हाताऱ्यानं गाल फुगवून श्वास धरला. तीन वेळा करून घेतल्यावरच त्यांनी त्याला टेबलावर झोपवलं. चित्रं इतकी स्वच्छ आली की मी विचारलं, “तुम्ही कुठं शिकलात हे?”

छातीवरची ‘खराडे’ ही पाटी मी वाचली होती, त्यामुळं मराठीतच विचारलं. त्यांचा चेहरा खुलला. मग म्हणाले, “मॅडम, शिकवलं कुणी न्हाई. घाबरलेल्या माणसाला ‘श्वास रोका’ म्हटलं की तो हमखास सोडतो. चार रोल फिल्म वाया घालवल्यावर कळतं.”

त्यांचा आणखी एक उद्योग मला पुढं आठवडाभरात कळला. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका शिक्केवाल्याकडून त्यांनी दोन फुप्फुसांच्या आकाराचा रबरी शिक्का करून घेतला होता. छातीचा प्रत्येक स्कॅन झाला की कोऱ्या कागदावर तो शिक्का उमटवायचा आणि पडद्यावर जे दिसलं ते पेन्सिलीनं त्यात काढायचं. गाठ कुठं, डाग कुठं, पाणी कुठं. खाली तारीख आणि रुग्णाचा नंबर. त्यांच्या कपाटात असे शेकडो कागद होते.

“कशासाठी काढता?” मी विचारलं.

“हातानं काढलं की डोळा नीट बघतो,” एवढंच त्यांनी सांगितलं.

त्या हिवाळ्यात छीतरमल नावाचा मूर्तिकार आमच्याकडे आला. वय अठ्ठावन्न. चारदीवारीतल्या एका गल्लीत त्याचं दुकान होतं. लहानपणापासून दगड घासत आला होता, जोडीला बिडी. डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ निघाली. शस्त्रक्रियेसारखी नव्हती, पण किरणोपचारानं आटोक्यात येईल अशी होती. आमचे किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टर सिंघवी यांनी सहा आठवड्यांचा उपचार ठरवला. जयपुरात लोक त्याला ‘सिकाई’ म्हणतात. छीतरमल सगळ्या तारखांना वेळेवर आला, गाठ निम्म्याहून लहान झाली आणि जानेवारीत तो खुशीत घरी गेला.

मार्चच्या शेवटी त्याला स्ट्रेचरवरून आणलं. बोलताना दर दोन शब्दांना धाप लागत होती. तीन आठवडे कोरडा खोकला होता. गल्लीतल्या डॉक्टरनं आधी सर्दीचं आणि मग न्यूमोनियाचं औषध दिलं होतं. हिंदुरावांनी स्कॅन काढला. मी पडदा बघितला. गाठ तशीच लहान होती. पण दोन्ही फुप्फुसं खालपासून वरपर्यंत दुधाळ झाली होती. किरण ज्या भागावर दिलेच नव्हते, तिथंही ती सूज पसरली होती. किरणोपचारानंतर काही रुग्णांच्या फुप्फुसाला अशी सूज येते. बहुतेकांचं थोडक्यात निभावतं, काहींचं निभावत नाही. छीतरमल नवव्या दिवशी गेला.

त्याचा मुलगा फिल्म न्यायला आला तेव्हा मी आणि हिंदुराव दोघंही खोलीत होतो. मुलगा भांडला नाही. शांतपणे म्हणाला, “मॅडमजी, कोई बता देता कि ऐसी खांसी आ सकती है, तो हम पहले दिन ही ले आते.”

तो गेल्यावर हिंदुरावांनी कपाट उघडलं आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. नोव्हेंबरमधला, छीतरमलचा पहिला स्कॅन. वर गाठ काढली होती. आणि दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी, पाठीकडच्या कडेला, पेन्सिलीच्या बारीक रेघांनी जाळी काढली होती.

“मॅडम, रागावू नका. ही जाळी उपचाराच्या आधीच होती.”

मी माझा तेव्हाचा अहवाल काढला. गाठीबद्दल अकरा ओळी होत्या. तळाबद्दल एक: ‘वयोमानानुसार किरकोळ बदल.’ ती जाळी, फुप्फुसातल्या जुन्या व्रणांच्या रेघांची, मला दिसली होती. तिला किंमत द्यावी असं मात्र वाटलं नव्हतं. मी म्हणाले, “हे मी लिहायला हवं होतं.”

“मीबी बघितलं होतं की,” ते म्हणाले. “कागदावर काढलं आन् कपाटात ठेवलं. निम्मी चूक माझी हाय. पण मला दुसरंच सांगायचंय. अशी जाळी असलेले आणि परत धापा टाकत आलेले मला अजून दोघं-तिघं आठवतात. माझ्या मनाचे खेळ आहेत का खरं आहे, ते बघायला पाहिजे.”

दुसऱ्याच दिवसापासून आम्ही बघायला लागलो. रुग्णालय सुरू झाल्यापासून फुप्फुसाच्या कर्करोगासाठी ज्यांना किरण दिले अशांची यादी काढली. ज्यांचे स्कॅन आणि पुढची माहिती दोन्ही मिळत होती, असे एकशे बारा जण निघाले. मी म्हणाले, आधी धाप लागलेले कोण ते शोधू आणि त्यांचे जुने स्कॅन काढू. हिंदुरावांनी मान हलवली.

“तसं न्हाई चालायचं. फायरिंग रेंजवर गोळी मारणारा स्वतःचे गुण मोजत नाही. टार्गेटपाशी खड्ड्यात दुसरी पार्टी बसलेली असते, ती मोजते. तुम्हाला आधीच ठाऊक असलं की कोण आजारी पडला, तर तुम्हाला त्याच्या फुप्फुसात जाळीच दिसंल.”

इतकी वर्षं शिकलेल्या मला ही गोष्ट एका सुभेदारानं रेंजच्या भाषेत सांगितली. मग तसंच केलं. जेवणाच्या सुट्टीत ते नाव झाकून एकेक स्कॅन लावायचे, मी जाळीला शून्य ते तीन गुण द्यायची, आणि त्या माणसाचं पुढं काय झालं ते त्यांच्या पाकिटात बंद असायचं. अख्खा उन्हाळा गेला. भागुबाई डब्यात माझ्यासाठी जास्तीची भाकरी आणि खर्डा पाठवायच्या. जयपूरच्या उन्हाळ्यात खर्डा खाऊन डोळ्यांतून पाणी काढत मी फुप्फुसं मोजत होते.

जुलैत पाकिटं फोडली. अडतीस जणांच्या फुप्फुसात मी जाळी सांगितली होती. त्यांतल्या अकरा जणांना उपचारानंतर गंभीर सूज आली होती. उरलेल्या चौऱ्याहत्तरांपैकी पाच जणांना. आम्ही दोघं कागद घेऊन डॉक्टर सिंघवींकडे गेलो.

डॉक्टर सिंघवी पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि आपल्या हिंदीत म्हणाले, “डॉक्टर निशिगंधा, अडतीसपैकी अकरा म्हणजे सत्तावीस जणांना काहीच झालं नाही. या सत्तावीस जणांचं मी काय करू? त्यांचे किरण कमी केले तर गाठ त्यांना खाईल.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग हिंदुराव बोलले. “सर, रस्त्यात सुरुंग आहेत म्हणून पलटण माघारी जात नाही. पण कुठं आहेत ते कळलं तर जपून पाय टाकते. उपचार थांबवा असं आम्ही म्हणत नाही.”

“मग सुरुंग नक्की कुठं आहेत ते सांगा,” डॉक्टर सिंघवी म्हणाले. “हा नकाशा अजून धूसर आहे.”

बाहेर आल्यावर मी खट्टू झाले होते. हिंदुराव मात्र झपाझप चालत होते. चालता चालताच म्हणाले, “साहेब बरोबर बोलले. त्या अडतिसात निम्मे खोटे आहेत.”

“खोटे कसे?”

“माणूस उताणा झोपतो. फुप्फुस स्वतःच्याच वजनानं पाठीकडं दबतं. जाडजूड माणूस असला, श्वास पुरा भरला नसला, की तिथं सावली पडते. ती आणि जाळी सारखीच दिसते. उताण्या फोटोत तुम्ही न्हाई, कुणीच वेगळी काढू शकणार न्हाई.” ते थांबले. “पालथं झोपवू या. वजनाची सावली असंल तर ती पोटाकडं सरकंल. खरी जाळी हाय तिथंच राहील.”

ही युक्ती पुस्तकात होती. फुप्फुसांच्या दुसऱ्या आजारांसाठी ती वापरतात हे मी परीक्षेपुरतं वाचलंही होतं. पण कर्करुग्णाला किरण देण्याआधी तिचा उपयोग करावा हे मला सुचलं नव्हतं. त्यांना ती सैन्यातल्या एका दवाखान्यात कुण्या डॉक्टरनं दाखवली होती. पालथं करून फक्त तळाच्या काही पातळ कापांची चित्रं घ्यायची, जेमतेम तीन-चार मिनिटांचं काम. डॉक्टर सिंघवींनी लगेच परवानगी दिली आणि सप्टेंबरपासून फुप्फुसाच्या प्रत्येक नव्या रुग्णाचा स्कॅन उताणा आणि पालथा असा दोन्ही होऊ लागला.

पहिल्याच महिन्यात चित्र पालटलं. उताण्यात जाळी वाटलेल्या सात जणांपैकी चौघांचे तळ पालथं केल्यावर काचेसारखे स्वच्छ निघाले. उरलेल्या तिघांची जाळी रेघभरही हलली नाही. डॉक्टर सिंघवी स्वतः खोलीत येऊन उभे राहिले, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली आणि म्हणाले, “आता हा नकाशा झाला.”

त्या तिघांमध्ये धापूदेवी होत्या. वय बासष्ट, चारदीवारीत लाखेच्या बांगड्या करणाऱ्या. आयुष्यभर कोळशाच्या शेगडीसमोर बसून लाख तापवलेली. उजव्या फुप्फुसात गाठ होती आणि तळाशी जाळीला मी पूर्ण तीन गुण दिले होते. त्यांची सून सरोज रोज सोबत यायची.

डॉक्टर सिंघवींनी उपचाराची आखणी तीनदा बदलली. किरणांचे कोन असे फिरवले की गाठीला पूर्ण मात्रा मिळेल आणि निरोगी फुप्फुसाचा शक्य तितका भाग वाचेल. किरणांची मात्रा मोजणारा भौतिकशास्त्राचा विभाग दोन दिवस त्यावरच बसला होता. आणि हिंदुरावांनी आपल्या परीनं एक काम अंगावर घेतलं. उपचार संपला त्या दिवशी त्यांनी सरोजला बाकावर बसवलं.

“बेटी, अब ध्यान से सुनो. अम्मा को जो खांसी आज है, वो मैंने सुन ली, तुमने भी सुन ली. अब से तीन महीने के अंदर सूखी खांसी बढ़े, या जिस सीढ़ी पर नहीं रुकती थीं वहाँ रुकने लगें, तो मोहल्ले के डॉक्टर के पास नहीं जाना. सीधे यहाँ. ऑटो करो और आ जाओ. बोलो, कब आना है?”

सरोजनं पाठ म्हटल्यासारखं सगळं परत म्हणून दाखवलं. त्यांनी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मशीनच्या खोलीचा फोन नंबर एका मोठ्या कागदावर लिहून दिला.

सातव्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. मी शेजारीच होते. हिंदुराव ऐकत राहिले आणि म्हणाले, “कितनी सीढ़ियाँ?... पहले कितनी चढ़ती थीं?... ठीक है. अभी निकलो.”

रिसीव्हर ठेवून ते माझ्याकडे वळले. “बारा पायऱ्यांचा जिना. कालपर्यंत एका दमात चढायच्या, आज सातव्या पायरीवर बसल्या. खोकला परवापासून. सरोजचा नवरा म्हणत होता सर्दी आहे, पोरगी ऐकायला तयार नाही.”

तासाभरात त्या आल्या, स्वतःच्या पायांनी चालत. ताप नव्हता, छातीत घरघर नव्हती. स्टेथोस्कोप लावून कुणीही सर्दी म्हणालं असतं. हिंदुरावांनी स्कॅन काढला. उजव्या तळाशी, जाळीच्या कडेनं, नुकतीच धुक्याची एक पट्टी आली होती. दोन बोटांएवढी. छीतरमल आला तेव्हा हेच धुकं दोन्ही फुप्फुसं व्यापून बसलं होतं.

डॉक्टर सिंघवींनी त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलं. पहिले चार दिवस धापूदेवींचा प्राणवायू थोडा खाली आला आणि आम्ही सगळेच चिंतेत होतो. हिंदुराव रोज दुपारी वॉर्डात जाऊन त्यांच्याशी बोलायचे. पाचव्या दिवशी धाप उतरली. तीन आठवड्यांनी काढलेल्या स्कॅनमध्ये धुकं विरलं होतं. जाळी होती तिथंच होती, ती काही जाणार नव्हती. पण धापूदेवी घरी गेल्या आणि जिना चढू लागल्या. त्यानंतर त्या साडेतीन वर्षं जगल्या. नातवाचं लग्न त्यांनी उभं राहून केलं. शेवटी आजार उलटलाच, पण ती साडेतीन वर्षं त्यांनी पदरात पाडून घेतली होती.

आमचा नकाशा कधीच पूर्ण झाला नाही, हेही सांगायला हवं. २००५मध्ये एका शाळामास्तरांच्या फुप्फुसांच्या तळाशी कसलीही जाळी नव्हती, पालथं करूनही नव्हती, आणि तरी त्यांना भयंकर सूज आली. ते थोडक्यात वाचले. मी हबकून गेले. हिंदुराव मात्र दोन दिवस त्यांचा उपचाराचा आराखडा घेऊन बसले आणि भौतिकशास्त्रवाल्यांना विचारत राहिले. मास्तरांची गाठ मोठी होती, त्यामुळं फुप्फुसाचा फार मोठा भाग किरणांखाली गेला होता. “मॅडम, आपण एकाच डोळ्यानं बघत होतो,” ते म्हणाले. त्या दिवसापासून अहवालात दोन ओळी आल्या. जाळी किती, आणि निरोगी फुप्फुसाचा किती भाग किरणांखाली जाणार आहे. दोन्हींपैकी एक जरी जास्त असलं तरी नावापुढं लाल खूण, आणि चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला भेट पक्की.

२००७च्या डिसेंबरात जयपूरलाच रेडिओलॉजिस्टांचं एक अधिवेशन होतं. आम्ही आमचं काम तिथं मांडायचं ठरवलं. तीन वर्षांत दीडशेच्या वर रुग्णांचे पालथे स्कॅन झाले होते. लाल खुणेचे सव्वीस. त्यांतल्या दहा जणांना सूज आली, म्हणजे खूण बऱ्यापैकी खरी ठरत होती. पण दहापैकी नऊ जण वेळेवर आल्यामुळं वाचले. पूर्वीच्या यादीत सूज आलेल्या सोळांपैकी सात जण गेले होते.

निबंधावर नावं घालायची वेळ आली तेव्हा डॉक्टर सिंघवींनी पहिलं नाव माझं लिहिलं, दुसरं हिंदुराव खराडे, आणि स्वतःचं तिसरं. अर्जात प्रत्येक नावापुढं पदवीचा रकाना होता. मी हिंदुरावांना विचारलं, काय लिहू?

“बारावी पास आणि सैन्याचा रेडिओग्राफीचा कोर्स. लिहा, लाजायचं काय त्यात?”

तसंच लिहिलं.

अधिवेशनाला ते पलटणीचा ब्लेझर घालून, भागुबाई आणि प्रणालीला घेऊन आले. भागुबाईंनी नऊवारी नेसली होती आणि इंग्रजी भाषणं त्या कान देऊन ऐकत होत्या. माझं सांगून झाल्यावर मागच्या रांगेतून एका प्राध्यापकांनी विचारलं, “धाप लागलेला, कमरेत वाकलेला म्हातारा रुग्ण पालथा झोपू शकतो का? प्रत्यक्षात हे कसं जमतं?”

मी माइक हिंदुरावांच्या हातात दिला. ते उभे राहिले. क्षणभर घसा खाकरला आणि मग हिंदीत, जसे रोज बोलतात तसेच बोलले. छातीखाली नाही, पोटाखाली उशी घ्यायची. तोंड एका बाजूला. हात डोक्यावर न ताणता उशीला मिठी मारल्यासारखे. आधी बाकावर श्वासाची तालीम, आणि तीन मिनिटांच्यावर एक सेकंदही नाही. “दीडशेमध्ये चार जणांना नाही जमलं, साहेब. त्यांना कुशीवर घेतलं. थोडी जाळी सुटते, पण माणूस घाबरत नाही.”

प्राध्यापक लिहून घेत होते.

मागं बसलेल्या भागुबाईंनी प्रणालीला मोठ्यानं विचारलं, “काय म्हणाले गं ह्यांना?” आणि आजूबाजूची दहा माणसं हसली.

पुढच्या वर्षी आमची बदली झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात मी मशीनच्या खोलीत गेले तर दारातच गर्दी. जोधपूर आणि कोट्याकडच्या रुग्णालयांतून पाच तंत्रज्ञ ही पद्धत शिकायला आले होते. हिंदुरावांनी त्यांना अजून मशीनचं एकही बटण दाखवलं नव्हतं. त्यांतला एक धडधाकट तरुण टेबलावर पालथा पडला होता आणि हिंदुराव हातात घड्याळ घेऊन उभे होते.

“सर, मान दुखायला लागली,” तो तरुण म्हणाला.

“अजून सव्वा मिनिट,” हिंदुराव म्हणाले. “हिलना मत. आणि आता विचार कर, तुझ्या जागी साठ वर्षांची बाई आहे आणि तिला धाप लागलीय. उशी कुठं हवी होती, सांग.”

“पोटाखाली, सर.”

“मग उतर, ती उशी घे, आणि पुढच्याला झोपव.”